पार्क तर फुल्ल असतं, मग इमॅजिकाची कंपनी कर्जात बुडाली कशी?

पनवेलचा_पाहुणा

नमस्कार मंडळी, नाताळच्या सुट्टीत बहीण, दाजी आणि दोन्ही भाच्यांना घेऊन खोपोलीजवळच्या इमॅजिका थीम पार्कला जाऊन आलो. धाकटा भाचा उंचीच्या पट्टीला दोन बोटं कमी पडला म्हणून त्याला नायट्रो या रोलर कोस्टरमध्ये बसू दिलं नाही, बरोबरच आहे म्हणा, पण तो जो रुसला तो थेट टबी हत्तीबरोबर फोटो काढेपर्यंत. ते असो.

येताना खोपोली-पाली रोडला गाडीत दाजींनी विषय काढला की हे पार्क एकदा पार डुबलं होतं, बँकांनी हात वर केले होते, मग संगमनेरच्या मालपाण्यांनी घेतलं. आणि त्यांचं म्हणणं एकदम सरळ. पार्क काढणारे शेट्टी सिनेमावाले, त्यांना पार्क काय चालवता येणार, नुसता बेसुमार खर्च केला, मालपाण्यांच्या घरचाच हा धंदा त्यामुळे ते आले आणि गाडी रुळावर आली. म्हणजे सगळा खेळ डोकं कोणाचं आहे याचा.

मला हे काही पटेना. मी २०१३ साली कॉलेजच्या ग्रुपबरोबर गेलो होतो तेव्हाही गर्दी होती आणि आत्ताही. राइड्स बहुतेक त्याच, मिस्टर इंडिया तेच, अलीबाबा तेच, सलीमगडातली भुतं तीच. आणि वाचलं त्याप्रमाणे मालक बदलल्यावरसुद्धा सीईओ आधीचाच ठेवला होता. मग बदललं नक्की काय? गर्दी असून कंपनी बुडते कशी? कोणाला आतलं-बाहेरचं माहिती असेल तर सांगा, दाजींना पुराव्यानिशी गप्प करायचंय. (किंवा ते बरोबर असतील तर मला गप्प करा.)

---

ताळेबंद

भाऊ, दाजींचं एक वाक्य आत्ताच खोडून टाका. मनमोहन शेट्टी म्हणजे कोणी नवखा माणूस नव्हे. अॅडलॅब्स ही फिल्म प्रोसेसिंगची लॅब त्यांनी १९७८ मध्ये काढली, वडाळ्याचं आयमॅक्स त्यांचंच, आणि २००५ मध्ये त्यातला मोठा हिस्सा अनिल अंबानींच्या ग्रुपला योग्य वेळी विकला. व्यवहार कळणारा माणूस आहे. तरी पार्कात अडकले, म्हणून तर हा विषय बघण्यासारखा आहे.

मी एका सरकारी बँकेत क्रेडिटला (कर्ज देणाऱ्या विभागात) होतो, आता रिटायर. हे खातं आमच्याकडे नव्हतं, पण असल्या फायली बऱ्याच बघितल्यात. तर हिशोब असा. पार्कावर साधारण सोळाशे कोटींच्या वर खर्च झाला. एप्रिल २०१३ मध्ये दारं उघडली, पुढच्या वर्षी वॉटर पार्क, २०१५ मध्ये हॉटेल, २०१६ मध्ये स्नो पार्क. यातले हजार कोटींच्या पुढे कर्ज. आता हजार कोटींवर व्याज बारा टक्के धरा, झाले वर्षाचे एकशेवीस कोटी. म्हणजे रोज तेहतीस लाख, पाऊस असो, दहावीची परीक्षा असो, नाहीतर गेटावर कुत्रं नसो.

आणि माणसं येत होती किती? वर्षाला पंधरा-सोळा लाखांच्या आसपास. तुम्हाला गर्दी दिसली ती खरीच आहे, भारतातल्या कुठल्याही पार्कासाठी हा आकडा काही लहान नाही. पण एकशेवीस कोटी भागिले सोळा लाख करा. माणशी साडेसातशे रुपये! तुमच्या भाच्याने गेटातून पाय आत टाकला की साडेसातशे रुपये बँकेचे, नंतर वीजबिल, नंतर पगार, नंतर मेंटेनन्स, आणि उरलं तर मालकाचं. उरत नव्हतंच. कंपनीचं सगळं उत्पन्न मिळून वर्षाला सव्वादोनशे-अडीचशे कोटी, त्यातले शंभराच्या वर व्याजातच गेले तर राहिलेल्यात एवढ्या मोठ्या पार्काचा संसार कसा चालवणार. व्याज बाजूला ठेवलं तर पार्क फार वाईट नव्हतं हो, पण वरचं व्याज सगळं गिळत होतं.

मग २०१५ मध्ये आयपीओ आणला, म्हणजे पहिल्यांदा लोकांना शेअर विकायला काढले, कर्ज फेडायला. तिथेच बाजाराने शंका दाखवली होती. आधी भाव ठेवला २२१ ते २३०, अर्ज येईनात, मग मुदत वाढवली, भाव खाली आणून १८० ते २१५ केला आणि शेवटी १८० ला कसाबसा उरकला, छोट्या गुंतवणूकदारांना १२ रुपये सूट. शेअर बाजारात लिस्टिंग झालं तेही त्या १८० च्या खाली. जमले साधारण पावणेचारशे कोटी, त्यातले बहुतेक बँकांकडेच गेले आणि तरी मोठं कर्ज शिल्लक. तहानेला विहीर आणि विहिरीत ओंजळभर पाणी असला प्रकार.

वर नशीबही बघा. एप्रिलमध्ये शेअर लिस्ट झाला आणि १ जून २०१५ पासून केंद्राने अम्युझमेंट पार्कच्या तिकिटावर सर्व्हिस टॅक्स लावला, आधी तो नव्हता. मग जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तो डायरेक्ट २८ टक्के, म्हणजे आकाशपाळणा आणि जुगार एकाच खणात. जानेवारी २०१८ मध्ये तो १८ वर आणला तोपर्यंत सगळ्याच पार्कवाल्यांनी बोंब मारून झाली होती. गिऱ्हाईकाच्या खिशातून हजार-दीड हजारच निघणार असतील तर टॅक्स वाढला म्हणून तिकीट वाढवता येत नाही, तो आपल्याच पोटातून जातो.

तरीपण नेतृत्वाची चूक कुठे असं विचाराल तर मी सांगेन, कर्जाचा डोंगर डोक्यावर असताना हॉटेल आणि बर्फाचं घर. हॉटेलमागचा विचार चुकीचा नव्हता, मुंबई-पुण्याच्या मधे आहे, लोकं मुक्काम करतील, लग्नं होतील, पण ते पार्क स्वतःच्या पायावर उभं राहिल्यावर. पहिलंच पोर अजून रांगत होतं.

---

चावीवाला

ताळेबंद साहेबांनी वरचा हिशोब सांगितला, मी खालचा सांगतो. मी एका पार्कात राइड ऑपरेशनला नऊ वर्षं काढली, नाव नको कारण तिथली माणसं अजून मित्र आहेत, आणि ते इमॅजिका नाही हेही सांगून ठेवतो.

लोकांना वाटतं गेट दहाला उघडतं. आमचा दिवस सहाला सुरू. मेंटेनन्सची पोरं ट्रॅकवर चालत जाऊन नटबोल्ट बघतात, चाकं बघतात, मग कोस्टर आधी रिकामा सोडायचा, मग माणसाच्या वजनाच्या पाण्याच्या डमी बसवून सोडायचा, दोन-तीन फेऱ्या, सेन्सर बरोबर बोलतायत का बघायचं, प्रत्येक सीटचा लॉक हाताने ओढून बघायचा, कागदावर सही, सुपरवायझरची सही, मगच चावी आमच्या हातात. आता हे सगळं त्या दिवशी आठ हजार माणसं येणार असली तरी करायचं आणि तीनशे येणार असली तरी करायचं. लाइफगार्ड तेवढेच, पंप तेवढेच फिरणार, क्लोरीन तेवढंच. मॉलमध्ये गर्दी नसली तर एक मजला बंद करता येतो, आमच्याकडे तीनशेतल्या एकाने जरी तिकीट काढलं की त्याला सगळं पार्क चालू पाहिजे. आणि हक्कच आहे त्याचा.

आणि वर्ष असं नसतंच हो की रोज गर्दी. एप्रिल-मे आणि दिवाळी ते नाताळ, बास. नोव्हेंबर ते जानेवारी शाळांच्या सहली, पण सहलीच्या पोराकडून तिकिटाचे अर्धेही सुटत नाहीत, ते डबा घेऊन येतात, मास्तर दहा टक्के अजून कमी करा म्हणतात. फेब्रुवारी-मार्च परीक्षा. जुलै-ऑगस्टला कोकणात पाऊस कसा पडतो सांगायला नको, वीज चमकली की कोस्टर थांबवायचाच, लोकं शेडखाली उभी, आणि आम्ही त्यांच्या तोंडाकडे बघत. पाहुण्यांनी कायम सुट्टीतलंच पार्क बघितलंय म्हणून त्यांना फुल्ल दिसलं. ऑगस्टातल्या मंगळवारी जा, आख्खी ट्रेन तुमच्या एकट्यासाठी सोडतील.

मागच्या वर्षीचंच घ्या, २०२५ चा मे. आमच्या धंद्यात मे महिना म्हणजे शेतकऱ्याचं खरीप आणि रब्बी दोन्ही. त्यात अवकाळी सुरू झाला आणि मग २६ मेला मान्सूनच मुंबईत, इतक्या लवकर कधी आलाच नव्हता. आता त्या पंधरा-वीस दिवसांचं नुकसान भरून काढायला दुसरा मे येत नाही. ज्याच्यावर कर्ज नाही तो कपाळावर हात मारून पुढच्या सीझनची वाट बघतो, ज्याला महिन्याच्या तारखेला हप्ता आहे त्याने काय करायचं?

अजून एक, बाहेरच्यांना पटत नाही. पैसा तिकिटात कमी आणि आत जास्त. लॉकर, कॉस्च्युमचं भाडं, वडापाव, आइस्क्रीम, फोटो. आमचे मॅनेजर रोज संध्याकाळी पहिला आकडा विचारायचे तो किती आले हा नाही, माणशी आत किती खर्च झाला हा.

---

बंगळुरूकर_जोशी

दाजींसाठी एक उदाहरण देतो, वंडरला. कोचीच्या व्ही-गार्डवाल्या कोचौसेफ चिट्टिलापिल्लींचं. २००० मध्ये कोचीला वीगालँड नावाने पहिलं पार्क, ते कमावतं झाल्यावर २००५ मध्ये इथे बंगळुरूला दुसरं, मग हैदराबाद थेट २०१६. २०१४ मध्ये त्यांचाही आयपीओ आला, १२५ रुपयांनी, आणि त्याच्यावर उड्या पडल्या. म्हणजे वर्षभराच्या अंतराने दोन पार्क कंपन्या बाजारात आल्या, एकीला लोकांनी डोक्यावर घेतलं, दुसरीला भाव पाडून द्यावा लागला. देश तोच, टॅक्स तोच, पाऊस तर केरळात आपल्यापेक्षा जास्तच. फरक एवढाच की वंडरलावर कर्ज जवळपास नव्हतं. बऱ्याच राइड ते स्वतःच्या वर्कशॉपला बनवतात, त्यामुळे खर्चही आटोक्यात.

आणि सबुरी बघा त्यांची. चेन्नईजवळ जमीन घेऊन ठेवली, पण तिकडे करमणूक कराचा घोळ होता, तो सुटेपर्यंत वर्षानुवर्षं वीट लावली नाही. लोकं हसायची की चेन्नई कधी. शेवटी कर माफ झाला, मग बांधलं आणि डिसेंबर २०२५ मध्ये उघडलं. आता शेट्टींच्या जागी हे असते तर खोपोलीत आधी नुसतं वॉटर पार्क काढलं असतं, पाच वर्षं ते चालवलं असतं आणि मग नायट्रो.

---

ताळेबंद

जोशीबुवा, तत्त्व मान्य, पण एक गोष्ट विसरताय. वंडरला हे मुळात वॉटर पार्क अधिक राइड असं आहे, इमॅजिका हे डिस्नेच्या धर्तीवर थीम पार्क करायचं म्हणून निघालं होतं. एकेका राइडमागे गोष्ट, सेट, आवाज, दिवे. ते हप्त्याहप्त्याने बांधता येत नाही, अर्धवट उघडलं तर पहिला माणूस घरी जाऊन सांगतो काही नाही तिथे, आणि मग दुसरा येत नाही. म्हणून एकदम बांधावं लागलं. माझा आक्षेप एकदम बांधण्याला नाही, दुसऱ्याच्या पैशाने एकदम बांधण्याला आहे. बँकेचा हप्ता सुरुवातीची सवलतीची मुदत संपली की सुरू होतो आणि पार्काला नाव व्हायला आठ-दहा वर्षं लागतात, या दोन घड्याळांचा मेळच बसत नाही. खरं तर आम्हा बँकवाल्यांनीच हे बघायला हवं होतं. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये माणसं दरवर्षी वाढतच जातात हो, अशी एक फाइल दाखवा ज्यात तिसऱ्या वर्षी गर्दी घटलीये.

---

संगमनेरी

आमच्या गावचा विषय निघाला म्हणून लॉगिन केलं राव 😄

मालपाणी म्हणजे आमच्याकडे आधी गाय छाप. तंबाखूचा धंदा, रोकड खेळती, नंतर पवनचक्क्या वगैरे. पार्कात ते काल-परवा आलेले नाहीत. शिर्डीला वेट एन जॉय वॉटर पार्क, तिथेच साईतीर्थ हे भक्तीचं थीम पार्क, लोणावळ्याला दुसरं वेट एन जॉय. शिर्डीचं डोकं बघा, माणूस दर्शनाला येणारच आहे, तुम्हाला त्याला गावात आणायला जाहिरात करायची गरज नाही. दर्शन झालं, आता पोरं विचारतात पुढे काय, तर समोर पार्क. म्हणजे गर्दी बाबांची, तिकीट यांचं.

तर दाजी म्हणतात ते अगदीच खोटं नाही, धंदा माहिती असलेली माणसं आहेत. पण त्यांना २०२२ मध्ये जे पार्क मिळालं ते सोळाशे कोटींना नाही मिळालं ना! जूनमध्ये मालपाणी पार्क्सने साधारण ४१५ कोटी घालून ६६ टक्क्यांच्या वर हिस्सा घेतला, म्हणजे शेअर पंधरा रुपयांच्या आसपास पडला. बांधलेलं, राइड बसवलेलं, नाव झालेलं, हायवेवर बोर्ड लागलेले पार्क. बांधणाऱ्याने बांधायचं आणि राहणाऱ्याने राहायचं असं आमची आजी म्हणायची तसंच. घर बांधणाराच कर्जात जातो, दुसरा मालक कायम सुखी.

आणि धीमंत बक्षी, जे आधी सीईओ होते, त्यांनाच यांनी पुढेही ठेवलं, पाहुण्यांनी वाचलं ते बरोबर आहे. मग डोकं बदललं म्हणून सुधरलं हे कसं म्हणायचं?

---

ठेवीदार

वा वा, चाललंय छान कौतुक. ते कर्ज गेलं कुठे ते पण सांगा की. हवेत विरलं? बँकांनी सोडून दिलं. आणि बँकेतला पैसा कोणाचा, आमचा, ज्यांना एफडीवर सहा टक्के देताना त्यांचा हात थरथरतो. माझा घरकर्जाचा एक हप्ता चुकला तर रिकव्हरीवाला सोसायटीच्या वॉचमनला नाव सांगून जातो, आणि इथे शेकडो कोटींवर पाणी सोडून सगळे टाळ्या वाजवतायत. छोट्या शेअरवाल्यांचं काय झालं तेही लिहा. १८० ला घेतलेला शेअर २०२० च्या मार्चमध्ये पाच रुपयांच्या खाली होता. चहा येत नव्हता शेअर विकून.

---

ताळेबंद

ठेवीदार, राग रास्त आहे, तुमची पहिली अर्धी पोस्ट मी छापून भिंतीला लावायला तयार आहे. पण दुसरी बाजू ऐका. २०१९-२० पर्यंत खातं एनपीए, म्हणजे थकीत-बुडीत, झालेलं, कंपनीने नाव बदलून इमॅजिकावर्ल्ड केलं, आणि मार्च २०२० ला कोविडने गेटच बंद. त्या वेळी बँकांपुढे दोन वाटा होत्या. एक, दिवाळखोरीच्या कोर्टात न्यायचं, तिथे तारखा पडत राहणार, आणि पार्क ही अशी वस्तू आहे की दोन पावसाळे बंद राहिली तर कोस्टरला गंज, मोटारी जाम, आणि मग भंगाराचा भाव. दुसरी वाट म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या ७ जून २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे कोर्टाबाहेर तोडगा, नवा मालक आणायचा, तो रोख देईल ती घ्यायची, काही भागाचे शेअर नाहीतर प्रेफरन्स शेअर घ्यायचे, उरलेलं सोडायचं. बँकांनी दुसरी घेतली. युनियन बँक त्यात पुढे होती. मला विचाराल तर त्या परिस्थितीत बरोबरच केलं, चूक झाली होती ती कर्ज देताना.

जुन्या शेअरवाल्यांचं म्हणाल तर त्यांना दुहेरी फटका. आधी कंपनीचे शेअर नऊ कोटींच्या आत होते, या सगळ्या व्यवहारानंतर ते ४१ कोटींच्या आसपास गेले. म्हणजे पोळी तेवढीच आणि खाणारे साडेचारपट. पुढे २०२४ मध्ये भाव शंभरच्या पुढे जाऊन आला, पण ज्याने १८० ला घेतला तो तेव्हाही पाण्यातच. ज्याने पाच रुपयाला घेतला त्याला लोकं हुशार म्हणतात, माझ्या मते तो जुगारी होता आणि त्याचा आकडा लागला.

---

जर्सीतली_मावशी

मी न्यू जर्सीत असते, आमच्या घरापासून सिक्स फ्लॅग्ज कंपनीचं ग्रेट अॅडव्हेंचर पार्क पाऊण तास, मुलं लहान होती तेव्हा सीझन पास कायम असायचा. हे वाचून हसू आलं कारण इकडे अगदी हेच चाललंय, फक्त शून्यं जास्त आहेत.

सिक्स फ्लॅग्ज एकदा २००९ मध्ये दिवाळखोरीत जाऊन आलेली आहे, तेव्हा डोक्यावर २.४ अब्ज डॉलर कर्ज होतं. त्यातून बाहेर आली, बरी चालली. मग २०२१ च्या शेवटी सलीम बसूल नावाचे सीईओ आले. त्यांचं म्हणणं की आपलं पार्क म्हणजे टीनएजर पोरांचं स्वस्तातलं पाळणाघर झालंय, दर वाढवा, गर्दी कमी झाली तरी चालेल, चांगलं गिऱ्हाईक येईल. गर्दी खरंच कमी झाली, २०२१ मध्ये २ कोटी ७७ लाख माणसं आली होती ती पुढच्या वर्षी २ कोटी ५ लाखांवर. चांगलं गिऱ्हाईक काही आलं नाही. आता चावीवाला यांनी सांगितलं ना की माणशी आत किती खर्च होतो ते मॅनेजर विचारतात, ते बरोबर, पण माणूसच आला नाही तर भागाकार कशाचा करणार?

मग जुलै २०२४ मध्ये सीडर फेअर या दुसऱ्या पार्क कंपनीशी लग्न लावलं, म्हणजे दोन दमलेल्या माणसांनी एकमेकांना आधार दिला. कर्ज झालं पाच अब्ज डॉलरच्या घरात. मेरीलँडचं सिक्स फ्लॅग्ज अमेरिका पार्क नोव्हेंबर २०२५ मध्ये कायमचं बंद केलं, माझी भाची तिकडेच राहते, तिची पोरं शेवटच्या आठवड्यात जाऊन आली. सीईओ रिचर्ड झिमरमन गेले, जॉन रायली आले. मधेच टेलर स्विफ्टचा होणारा नवरा, तो फुटबॉलवाला ट्रॅव्हिस केल्सी, एका गुंतवणूकदार कंपनीबरोबर शेअर घेऊन पुढे आला की पार्क सुधारा. गंमतच.

आमच्या इथला किंगडा का माहितीये का, १३९ मीटर उंच, तेव्हाचा जगातला सगळ्यात उंच कोस्टर, २००५ चा. फेब्रुवारी २०२५ मध्ये स्फोट करून पाडला. थोरला मुलगा आता सत्तावीसचा आहे, त्याने मोबाइलवर व्हिडिओ दहा वेळा बघितला आणि काही न बोलता जेवायला आला.

---

बंगळुरूकर_जोशी

मावशी, तुमच्याकडे सीईओ बदलून बदलून थकले, इकडे सीईओ तोच ठेवून मालक आणि कर्ज बदललं. दाजींना हेच सांगायचं पाहुणे.

---

पनवेलचा_पाहुणा

सगळ्यांचे आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. साडेसातशेचा हिशोब काल दाजींना फोनवर सांगितला. आधी म्हणाले बारा टक्के कशावरून, दहा धर. म्हणलं धरतो दहा, सव्वासहाशे झाले. मग जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "पण हॉटेल काढायची काय गरज होती, ते डोकं मालकाचंच ना?" म्हणजे ताळेबंद साहेब तुमचंच वाक्य, तुमचं नाव न घेता. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तर मॅच बरोबरीत सुटली असं समजू.

एक शंका राहिली. मालपाण्यांनी स्वतःची लोणावळ्याची आणि शिर्डीची पार्कं २०२४ मध्ये इमॅजिकाच्याच कंपनीत आणली, इंदूरला वॉटर पार्क काढलं, अहमदाबादला साबरमतीच्या काठी काहीतरी चाललंय. हे परत तेच तर नाही ना, पसारा वाढवायचा आणि मग हप्ते?

---

संगमनेरी

तेच नाही. लोणावळा आणि शिर्डी चालती पार्कं आहेत, कमावून देणारी, रांगणारं पोर नाही. एका पार्काला पाऊस नडला तर दुसरं सावरतं, शिर्डीला काही कोकणातल्यासारखा पाऊस नाही. फक्त मालक स्वतःचीच पार्कं स्वतःच्याच कंपनीला विकतो तेव्हा भाव कोणी ठरवला हे छोट्या शेअरवाल्याने बघायचं असतं. गावचे असले म्हणून मी डोळे झाकणार नाही.

---

ठेवीदार

हे एक बरं बोललात.

---

ताळेबंद

आणि पाहुणे, पुढच्या वेळी कोणी कुठल्याही पार्काचा शेअर घे म्हणालं तर त्याला गर्दी विचारू नका. रिपोर्टमध्ये दोन ओळी शोधा, फायनान्स कॉस्ट (म्हणजे व्याज) आणि त्याच्या वर ऑपरेटिंग नफा (म्हणजे व्याजाआधीचा). वरची ओळ खालच्या ओळीला पुरत नसेल तर पार्क कितीही छान असू दे, पोरांना घेऊन जा, मजा करा, तिकिटापुरतेच पैसे घाला.

---

चावीवाला

पाहुणे, भाच्याला सांगा दोन बोटं कमी पडला म्हणून बुटात कागद भरून येऊ नको. आम्ही बूट काढून मापतो. दर मे महिन्यात पाच-सहा पोरं तरी तशी सापडायची, आणि कागद भरून देणारा बाप शेजारीच उभा असायचा.